पातेल्यावरचे निखारे
(दहावी १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कोळवण ते अमेरिका : एक प्रवास'. मी दोन दिवस कागद घेऊन बसले. प्रवासाचं म्हणाल तर कोळवणहून पौडला एसटीनं, पौडहून पुण्याला एसटीनं, पुढे विमानानं. तो एवढाच आहे. शिवाय आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी आधीच विचारून ठेवलंय की एआयमुळे मुलांच्या नोकऱ्या जाणार का. ते जेवताना बोलू. आत्ता मी तुम्हाला जेवणानंतर जे गोड मिळणार आहे त्याच्याबद्दल सांगणार आहे.

त्याचं नाव पीच कॉब्लर. ग्रुपवर मी हे नाव टाकल्यावर कुणीतरी लगेच चपलेचं चित्र पाठवलं, कारण इंग्रजीत कॉब्लर म्हणजे बूट शिवणाराही. त्याचा इथे संबंध नाही. खाली फळाच्या फोडी, वर मऊसर पिठाचे गोळे, भाजून झाल्यावर वरचा भाग फरसबंदीच्या दगडांसारखा उंचसखल दिसतो. त्यावरून नाव पडलं असं तिकडे सांगतात. युरोपातून अमेरिकेत आलेल्या लोकांकडे नीट भट्ट्या नव्हत्या, साच्यातला पाय करता येत नव्हता. मग बिडाच्या झाकणवाल्या भांड्यात, चुलीवर, असेल त्या फळाचं हे करायला लागले. गरजेतून निघालेला प्रकार आहे, त्यात दिमाख काही नाही.

मी २००९ मध्ये अटलांटाला गेले. ते जॉर्जिया राज्यात आहे आणि जॉर्जिया स्वतःला 'पीच स्टेट' म्हणवतं. गाड्यांच्या नंबरपाटीवर पीच, आणि अटलांटात 'पीचट्री' नावाचे रस्ते इतके की पत्ता विचारताना पहिले सहा महिने माझी रोज फजिती. गंमत म्हणजे अमेरिकेत सगळ्यात जास्त पीच पिकतात कॅलिफोर्नियात, आणि शेजारचं साउथ कॅरोलिनाही जॉर्जियापेक्षा जास्त पिकवतं. पण नाव जॉर्जियाचं. हापूस म्हटलं की देवगड, तसं.

आमच्या शेजारी एक सत्तरीच्या कृष्णवर्णीय आजी राहायच्या. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात घराण्याचा मेळावा भरायचा, ऐंशी-नव्वद माणसं, आणि त्यात कॉब्लर हवाच. आपल्याकडे लग्नात जिलेबी नसली तर जशी चर्चा होते, तशी तिथे कॉब्लर नसला तर. त्यांनी मला एक वाटी आणून दिली. मी म्हटलं, हे तर मी सहज करेन, पोळ्या लाटणारी बाई आहे मी. आणि पहिल्यांदा केलं तेव्हा पीठ छान तिंबलं, कणीक तिंबतात तसं, तेलाचा हात लावून. भाजून निघाली ती खारी शेंगोळी. नवऱ्यानं मुकाट्यानं फळं खाल्ली आणि वरचे गोळे ताटाच्या कडेला लावले.

आजींनी सांगितलं की चूक हातात आहे. ह्या पिठाला मळायचंच नाही. थंडगार लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, वाटाण्याएवढे कण राहिले पाहिजेत. मग बेकिंग पावडर, मीठ, साखर, आणि ताक घालून चमच्यानं फक्त गोळा करायचं. ढेकळं दिसली तरी हात लावायचा नाही. लोण्याचे ते कण भट्टीत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पीठ उचलून धरते. मळलंत की लोणी पिठात मुरतं, मैदा चिवट होतो, वाफेला जागाच राहत नाही. हे कळल्यावर मला आपल्या विज्ञानाच्या बाईंची आठवण आली. वाफेची ताकद त्यांनी डब्याचं झाकण उडवून दाखवली होती आणि झाकण पंख्यात अडकलं होतं. बाई हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

आता इथलं सांगते. मेळाव्यासाठी गोड मी करणार असं मी उत्साहात कळवून टाकलं आणि मग लक्षात आलं की कोळवणमध्ये साठ-पासष्ट माणसांचं मावेल असा ओव्हन कुणाकडे नाही. पीचचा प्रश्न नव्हता. जूनमध्ये हिमाचलचे पीच पुण्यात येतात, तिकडे त्याला आडू म्हणतात. आपल्या मुळशीत ते का होत नाहीत, हे एकानं विचारलं होतं म्हणून सांगते. ह्या झाडाला थंडीची झोप लागते. जातीनुसार ठरावीक तास सात अंशांच्या खालचे मिळाले तरच वसंतात नीट फुलतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे शेकोटी पेटते खरी, पण दुपारी अंगातला स्वेटर निघतोच. खुद्द जॉर्जियात २०२३ साली हिवाळा उबदार गेला, मग फुलं आल्यावर कडाका पडला आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. त्या वर्षी पीच स्टेटमध्ये आम्ही कॅलिफोर्नियाचे पीच खाल्ले.

तर ओव्हन. आपल्या वर्गातली एक मैत्रीण आहे. नाव सांगणार नाही, ओळखलंत तरी गप्प बसा. हाडशीला, चिन्मय विभूतीला, तिकोन्याला येणाऱ्या लोकांना ती घरगुती जेवण करून देते. मी तिला फोनवर कॉब्लर काय ते समजावून सांगत होते, बिडाचं भांडं, खाली निखारे, झाकणावर निखारे. ती मध्येच म्हणाली, "अगं, म्हणजे धोंडसच की."

मी गप्पच झाले. माझ्या आईचं माहेर माणगावकडचं, ताम्हिणी उतरून. गणपती झाले की आजोळहून ही मोठी पिवळी तवसं यायची आणि आई धोंडस करायची. आंबेमोहोराची कणी भाजून रवा काढायचा, किसलेलं तवसं, गूळ, ओलं खोबरं, पातेल्याला खाली हळदीची पानं, झाकणावर निखारे. वरून खरपूस, आतून ओलसर. ही मैत्रीण तेव्हा वास आला की दप्तरासकट आमच्या पडवीत हजर असायची. आणि मी सोळा वर्षं अटलांटात ओव्हनचा अंश मोजत बसले, पण हे तेच आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही, तिच्या आलं. वर्गातही असंच होतं. गणिताचे सर फळ्यावर उदाहरण घालायचे, मी सूत्र आठवत बसायचे, तोवर तिचं उत्तर आलेलं असायचं. सर, तुम्ही मान हलवताय. तुम्हालाही माहीत आहे.

काल रात्री आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बारा किलो पीच सोलत बसलो होतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकायचे, लगेच गार पाण्यात, मग साल बोटानं सरकते. तिथे मी तिला एक गोष्ट सांगितली जी मी सत्तावीस वर्षं सांगितली नव्हती. आज इथे बोलायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिची अट एकच होती, "नाव घेऊ नको आणि रडू नको."

दहावीचा निकाल लागला. तिला माझ्यापेक्षा बावीस मार्क जास्त होते. मी अकरावीला पुण्यात मामाकडे जाणार हे ठरलं होतं. तिला डिप्लोमा करायचा होता. तंत्रनिकेतनचा अर्ज पुण्यात मिळायचा, घरून कुणी जाणारं नव्हतं. तिनं मला दहाच्या दोन नोटा दिल्या, घडी घालून, आणि म्हणाली, "शनिवारच्या आत आण. शनिवार शेवटचा आहे."

मी अर्ज पहिल्याच दिवशी आणला. मामाच्या घरी डिक्शनरीत ठेवला. मग मामेभावंडांनी सिनेमाचं काढलं, मग सारसबाग, मग मामी म्हणाली आता रविवार करूनच जा. मला शनिवार आठवत होता. विसरले असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय, पण मी विसरले नव्हते. मला पुण्यात मजा येत होती. सोमवारी मी एसटीतून उतरले तेव्हा ती थांब्यावर उभी होती. मी तिला म्हटलं, फॉर्म संपले होते.

ती म्हणाली, "बरं." त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं.

इंजिनिअर झाले, नोकरी लागली, प्रत्येक सत्काराला कुणीतरी म्हणायचं, कोळवणची पहिली मुलगी वगैरे. मी मान खाली घालायचे, लोकांना वाटायचं विनय आहे.

काल रात्री हे ऐकून ती काहीच बोलली नाही. एका पीचची बिया काढली, दुसरा घेतला. मग म्हणाली, "पाणी गार झालं, दुसरं ठेव." आम्ही झोपलो. मला झोप लागली नाही, तिचं माहीत नाही.

पहाटे पाचला उठलो, कारण लोणी चोळायचं काम उजाडायच्या आत व्हायला हवं होतं. वळवाच्या सरी झाल्या असल्या तरी जूनच आहे, हातात घेतलं की लोणी पाघळतं. तिनं बर्फाच्या परातीवर पिठाची परात ठेवली. एका पातेल्याला तीन किलो पीच, अर्धा किलो मैदा, दोनशे ग्रॅम लोणी, असं चार पातेल्यांचं. फोडींना साखर लावली की भरपूर रस सुटतो. तो तसाच ठेवला तर खाली सार होतं, म्हणून रस निथळून, त्यात कॉर्नफ्लोअर कालवून उकळून परत घालायचा. लिंबू पिळायचं, दालचिनी थोडी. तिनं विचारलं, वेलची का नको? मी म्हटलं, घाल. दोन पातेल्यांत वेलची आहे, तुम्हाला कुठलं येईल ते नशीब.

निखारे मी लावले. मी मोठ्या अभ्यासपूर्वक खाली जास्त आणि वर कमी लावले. पहिल्या पातेल्याचा तळ लागला. ती आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "उष्णता वर जाते, खाली थोडी पुरे. वरचं भाजायचंय ना तुला?" खाली एक वाटा, वर दोन वाटे. नंतर मी फोनवर पाहिलं, तिकडचे कोळशावर करणारे लोकही साधारण तसंच सांगतात. करपलेलं पातेलं वेगळं ठेवलंय, ते मी आणि आमची मॉनिटर खाऊ.

तर तिसरं पातेलं चुलीवर होतं, ती चिमट्यानं निखारा सरकवत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा पाठवणार नव्हतेच. तू आणला असतास तरी सही केली नसती त्यांनी."

मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगते, वाटलं. मग तिनं झाकण उचलून आत पाहिलं, परत ठेवलं, आणि म्हणाली, "पण मला भरून बघायचा होता गं."

अण्णा आता नाहीत. त्यांनी सही केली असती की नसती, हे आता कुणी सांगू शकत नाही. ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली का, हेही मी तिला विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही. ती एवढंच म्हणाली की वीस रुपये अजून येणं आहेत. मी पाकीट काढलं तर म्हणाली, "व्याज लाव. गणित येतं ना?" चक्रवाढीनं लावायचं की सरळव्याजानं, ह्यावरून आमचं आठ वाजेपर्यंत भांडण चाललं होतं. सर, दर किती धरायचा ते तुम्ही सांगा, आम्हाला दोघींना मान्य असेल.

शेवटची एक सूचना. पातेली उतरवून तासभर झालाय, झाकणं कुणी उघडू नका. रस गार होता होता दाटतो, घाई केलीत तर वाटीत पाणी येईल. वाढायला ती स्वतः उभी राहणार आहे. प्रत्येकाला रस आणि वरचा गोळा, दोन्ही मिळाले पाहिजेत, म्हणून चमचा तळापर्यंत घालायचा. तो तिच्याच हातात राहू द्या.