गाडीतला दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?



आज एका लहानशा दिव्याविषयी बोलावयाचे आहे. पुष्कळ मोटारगाड्यांत चालकाच्या पुढ्यात, डॅशबोर्डवर, असा एक दिवा असतो की इंजिन थंड राखणारे पाणी, म्हणजे ज्याला गॅरेजात कूलंट म्हणतात ते, कमी झाले की तो लागतो. आपण गाडी थांबवतो, बॉनेट उघडून बाटलीभर पाणी ओततो. दिवा विझतो आणि आपण निश्चिंत होतो. आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा लागतो. पुन्हा बाटली, पुन्हा निश्चिंती! ही निश्चिंतीच इंजिनाच्या जिवावर उठते.

जुन्या गाड्यांतले पाणी उकळून वाफेवाटे जाई. घाट चढताना पाण्याचा डबा जवळ बाळगावा लागे, आणि ती सवय अजून आपल्या अंगात आहे. आजच्या गाडीत मात्र पाण्याचा फेरा बंदिस्त असतो. इंजिनातून रेडिएटरमध्ये, रेडिएटरमधून परत इंजिनात, असे तेच ते पाणी फिरते. धडधाकट गाडीत ते महिनोन्‌महिने जवळपास तेवढेच राहते. तेव्हा दिवा वारंवार लागत असेल, तर पाणी कुठेतरी जाते आहे. वाट शोधल्यावाचून नुसते पाणी ओतत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वाट शोधण्याआधी एक इशारा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरासारख्या, सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी ते ९५-९६ अंशांनाच उकळते. गाडीतले पाणी तर ९० ते १०० अंशांपर्यंत तापलेले असते. मग ते उकळत का नाही? स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवा. टाकीचे झाकण आत दाब धरून ठेवते. हा जादा दाब सुमारे एका वातावरणाएवढा असला, तर पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात-तोंड भाजून निघते. म्हणून इंजिन पुरते थंड झाल्यावरच, फडके धरून, झाकण हळूहळू फिरवावे. शिक्षकांनी वर्गात दाब आणि उत्कलनबिंदू शिकवताना हे उदाहरण अवश्य सांगावे. ते कुणाचा तरी हात वाचवील.

आता दिव्याकडे वळू. डोंगरावर धूर दिसला की तेथे विस्तव असला पाहिजे, हे अनुमान आपल्या तर्कशास्त्रात पहिल्याच धड्यात येते; आणि धुक्याला धूर समजू नये, हेही तिथेच येते. आपला दिवा हा असाच धूर आहे. टाकीत बहुधा एक तरंगता तुकडा असतो, त्यात लोहचुंबक बसवलेला असतो. पाणी उतरले की तो खाली येतो, शेजारची विजेची कळ हलते आणि दिवा लागतो. तुकडा गाळाने अडकला, किंवा तारेच्या जोडावर गंज चढला, तर टाकी भरलेली असूनही दिवा लागेल. म्हणून सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागी उभी असताना, टाकीवरच्या किमान व कमाल या दोन रेघा आधी पाहाव्यात. पाणी त्यांच्या मधोमध असून दिवा लागत असेल, तर दोष दिव्याच्या यंत्रणेत आहे. पाणी किमान रेघेपाशी असेल, तर ते थंडपणी आकसल्याने सकाळी दिवा लागेल आणि तापून फुगल्यावर विझेल; घाटाच्या वळणावर हिंदकळले तरी क्षणभर लुकलुकेल. ‘दिवा आपोआप विझला, म्हणजे बरे झाले,’ असे मात्र समजू नये.

पाणी खरोखरच उतरत असेल, तर ते बाहेर गळते की आत, एवढाच प्रश्न उरतो.

आधी बाहेरचे पाहू. रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा घालून ठेवा. वातानुकूलन यंत्राचे पाणीही खाली पडते, पण त्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट रंगीत असते, बोटाला किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. पुठ्ठा कोरडा निघाला तरी खात्री धरू नका, कारण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर येण्याआधीच वाळून जातो. मागे राहतो तो पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खर. रबरी नळ्यांची टोके, त्यांवरच्या क्लिपा, रेडिएटरचे कोपरे, टाकीच्या झाकणाचा रबर आणि वॉटर पंपाच्या खालचे बारीक भोक, इतक्या जागी हा खर शोधावा. गाडीत हीटर असेल तर पायाखालचे बिछायत ओले आहे का, तेही चाचपून पाहावे. यांतून काही सापडले नाही, तर गॅरेजात हातपंपाने दाब भरून पाहतात. काटा उतरू लागला की गळती आहेच.

आतली गळती अधिक घातक. इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असते. ते फाटले की पाणी सिलिंडरात किंवा ऑइलात शिरते. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून थोडा वेळ वाफ येणे स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, टाकीत बुडबुडे उठू लागले, अथवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर ती गाडी चालवत गावी नेण्याचा मोह टाळावा. आज गॅस्केटावर भागेल ते उद्या हेड वाकून, इंजिन जाम होऊन बसेल.

एक अपवाद सांगितला पाहिजे. पाणी नुकतेच बदलले असेल, तर आत अडकलेली हवा पुढच्या एक-दोन फेऱ्यांत निघून जाते आणि पातळी एकदा उतरते. तेवढी भर घातल्यावर ती स्थिर राहिली, तर ती गळती नव्हे.

कुणी म्हणेल, ‘विहिरीचे पाणी काय वाईट?’ अडचणीच्या वेळी कोणतेही स्वच्छ पाणी चालेल. मात्र ते तापलेल्या इंजिनात एकदम ओतू नये, धातूला तडा जातो. नेहमीसाठी ते नको. पाणी तापवण्याच्या बंबात जो क्षार धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात, सांगितलेल्या प्रमाणात घालावे. ते गंज रोखते आणि उत्कलनबिंदूही वाढवते. नुसता रंग जुळला म्हणून दोन जातींची मिसळ करू नये. आणखी एक गोष्ट घरोघर सांगा: बहुतेक कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल हे चवीला गोड पण विष आहे. सांडलेले लगेच धुऊन टाका, उरलेले पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मुले आणि कुत्री त्याला भुलतात.

या साऱ्याला खर्च फारसा नाही. एक वही पुरे. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, सकाळची पातळी आणि किती पाणी घातले, एवढे चार रकाने आखा. महिनाभर पातळी हलली नाही तर काळजी नको. दोनशे किलोमीटरमागे अर्धा लिटर जात असेल, तर ती वही घेऊन मिस्त्रीकडे जा. ‘दिवा लागतो’ एवढ्यावरून त्याला फारसे कळत नाही. दिवा केव्हा लागतो आणि पाणी किती जाते, हे सांगितले की त्याचे निम्मे काम होते. तापमानाचा लाल दिवा लागला, किंवा काटा लाल खुणेला भिडला, तर मात्र वहीचा विचार नको. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

खेड्यात गाडी एकाची असली तरी अडल्यावेळी ती साऱ्या गावाची होते. बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो, रात्री-अपरात्री तीच दारी उभी करावी लागते. त्या रात्री ती घाटात वाफ सोडत थांबू नये, यासाठी आज सकाळी पाच मिनिटे टाकीपाशी वाकून पाहणे काही फार नाही.