खेळातला विनोद आणि तो घडवणारी माणसं



विनोदी लेखकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. या परंपरेवर आपण सगळे पोसलो. तिच्यावर याआधीच्या अध्यक्षांनी भरभरून बोलून ठेवलं आहे. मी आज अशा एका विनोदी कलाकृतीबद्दल बोलणार आहे, जिला साहित्याच्या मांडवात सहसा पाट मांडला जात नाही. १९९० साली अमेरिकेत निघालेला 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा व्हिडिओ गेम, आणि तो रचणारी माणसं, हा माझ्या भाषणाचा विषय आहे. आपल्या तरुण लेखकांसाठी पुढची मोठी वाट याच दिशेने जाते असं मला वाटतं, म्हणून हा विषय घेतला.

जॉर्ज लुकास यांच्या चित्रपट कंपनीने १९८२ साली गेम बनवणारा एक विभाग काढला. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या स्कायवॉकर रँचवर काही वर्षं त्याचं बस्तान होतं. तिथे रॉन गिल्बर्ट आणि चित्रकार गॅरी विनिक यांनी १९८७ साली 'मॅनियाक मॅन्शन' हा विनोदी साहसाचा खेळ केला. तो करताना प्रत्येक प्रसंग यंत्राच्या भाषेत लिहीत बसलो तर जन्म जाईल, हे गिल्बर्ट यांच्या लक्षात आलं. म्हणून 'स्कम' नावाची एक सोपी लेखनप्रणाली तयार झाली. पात्राने कुठे जायचं, काय उचलायचं, कुणाशी काय बोलायचं, हे तीत नाटकाच्या संहितेसारखं लिहिता येई आणि लिहिलेलं लगेच पडद्यावर चालवून पाहता येई. लेखकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. विनोदाचं सगळं वजन वेळेवर असतं. शब्द अर्धा क्षण उशिरा पडला की हशा गेला. या माणसांना ती वेळ स्वतःच्या हाताने जुळवता येत होती.

पुढे गिल्बर्ट यांच्या मनात समुद्री चाच्यांची गोष्ट आली. डिस्नेलँडमधली चाच्यांची सफर आणि टिम पॉवर्स यांची १९८७ सालची एक कादंबरी यांतून तिला खतपाणी मिळालं. सोबतीला टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे दोन नवखे तरुण आले. दोघेही प्रोग्रामर आणि दोघेही लेखक. त्यांनी सुरुवातीला जे संवाद लिहिले ते तात्पुरते, पुढे बदलले जाणारे, अशा समजुतीने लिहिले. त्यामुळे हात मोकळा राहिला, थट्टा स्वच्छंद झाली. गिल्बर्ट यांनी त्यातलं पुष्कळसं तसंच ठेवलं. आपल्या मनातल्या गोष्टीत दुसऱ्याचा सूर मिसळू देणं सोपं नसतं. ज्येष्ठाने तो मिसळू दिला, म्हणून त्या खेळाला स्वतःचा आवाज मिळाला.

नायकाच्या नावाचंच पाहा. नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या चित्राला कामापुरतं 'गाय', म्हणजे कुणीतरी एक पोरगा, म्हणत. चित्रकार स्टीव्ह पर्सेल यांनी फाइल साठवताना चित्र काढायच्या प्रोग्रामच्या रिवाजाप्रमाणे पुढे 'ब्रश' जोडलं, आणि नायक झाला गायब्रश. आडनाव ठरवायला स्पर्धा घेतली. त्यातून वुडहाउस यांच्या पात्रांचं थ्रीपवुड हे आडनाव निवडलं गेलं. बारसं असं साऱ्या घराने मिळून केलं. मार्क फेरारी यांनी फक्त सोळा रंगांच्या पडद्यावर ठिपक्यांशेजारी ठिपके मांडून रात्रीच्या आकाशाचा भास उभा केला. मायकेल लँड यांनी कॅरिबियन ठेक्याची धून रचली. ती आजही सुरू झाली की जुन्या खेळाडूंचे चेहरे उजळतात.

या चमूच्या लेखनकौशल्याचा एक नमुना मला जवळून दाखवायचा आहे. खेळात तलवारबाजी शिकावी लागते, पण हात चालवून नव्हे, जीभ चालवून. जुन्या चाचेपटांतले वीर लढताना तलवारीपेक्षा तोंडाचा पट्टाच जास्त चालवतात, हे हेरून गिल्बर्ट यांनी ही युक्ती काढली. प्रतिस्पर्धी टोमणा मारतो, तुम्हाला त्याचं नेमकं उत्तर द्यावं लागतं. उत्तर जमलं की तो मागे हटतो, नाही जमलं की तुम्ही. आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचीच ही जातकुळी. टोमणे आणि उत्तरं रस्त्यावरच्या चाच्यांकडून हरत हरत शिकायची. एक चाचा म्हणतो, तू तर गोठ्यातल्या गवळ्यासारखा लढतोस. उत्तर असं, की बरोबरच आहे, तू गाईसारखा लढतोस ना. इथवर ठीक. पण शेवटी तलवारीची उस्ताद कार्ला समोर येते आणि तिचे टोमणे सगळे नवे असतात. तुमच्याकडे मात्र जुनीच उत्तरं. ती म्हणते, तुझ्या अंगातलं रक्त मी थेंब न् थेंब पिळून, दोहून काढीन. आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो, की गाईचं उत्तर इथेही बसतं!

म्हणजे लेखकाला प्रत्येक उत्तर असं घडवावं लागलं, की ते दोन वेगळ्या टोमण्यांना तितक्याच ताकदीने लागू पडेल. एक विनोद, दोन दारं. हे टोमणे लिहिण्यात विज्ञानकथाकार ऑर्सन स्कॉट कार्ड यांचाही हात होता. पण खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या वेळेला तो विनोद लेखक करत नाही, खेळणारा करतो. जोड त्याला सुचते, हशा त्याचा स्वतःचा असतो. वाचकाला विनोदाचा भागीदार करून घेण्याचं याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

या भागीदारीच्या मुळाशी एक विचार होता. त्या काळच्या बहुतेक साहसी खेळांत चुकीचं पाऊल पडलं की नायक मरायचा आणि खेळाडूला मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागायची. १९८९ साली गिल्बर्ट यांनी एक निबंध लिहून या खेळांच्या दोषांवर बोट ठेवलं. नायकाला मारून मारून खेळाडूला शिकवणं हा रचनेचा कमकुवतपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. मंकी आयलंडमध्ये त्यांनी ते पाळलं. गायब्रश एकदा कड्यावरून खाली कोसळतो, जुना खेळ पुन्हा उघडा अशी पाटी झळकते, खेळाडू हताश होतो, तोच नायक उसळून वर येतो आणि खाली रबराचं झाड होतं असं सांगतो. दुसरीकडे जंगलातल्या एका बुंध्याकडे पाहिलं की बाविसाव्या क्रमांकाची फ्लॉपी घाला अशी सूचना येते. खेळ मुळात मोजक्या फ्लॉप्यांचा. ही थट्टा न कळल्याने अनेकांनी कंपनीच्या मदतकक्षाला फोन केले, आणि पुढच्या सीडी आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. या दोन विनोदांच्या नशिबात जो फरक पडला, तो आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिल्यात खेळणारा लेखकाबरोबर हसतो, दुसऱ्यात खेळणाऱ्यांतले काहीजण बाहेर राहिले.

मित्रहो, मला आज एवढंच ठासून सांगायचं आहे: विनोद वाचकावर विश्वास टाकतो तेव्हा फुलतो, आणि तसा विश्वास टाकायला आधी तो घडवणाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असावा लागतो. १९९१ साली दुसरा भाग आला तेव्हा मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी अशी योजना केली, की खेळणारा जिथे जाईल तसं संगीत न तुटता वळण घेईल. संगीतकारानेही खेळाडूच्या पावलांशी जुळवून घेतलं. पुढे गिल्बर्ट बाहेर पडले, शेफर यांनी २००० साली स्वतःची संस्था काढली, वाटा वेगळ्या झाल्या. पण २०२२ साली गिल्बर्ट आणि ग्रॉसमन पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी गायब्रशची नवी गोष्ट सांगितली. बत्तीस वर्षांनी लोक त्याच उत्सुकतेने जमले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. वसंत सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं आणि दादा कोंडके यांनी रोजच्या प्रयोगात, समोरच्या प्रेक्षकाच्या दादेनुसार त्यात नवे रंग भरले. लेखक, नट आणि प्रेक्षक मिळून विनोद घडवण्याची विद्या आपल्या वगनाट्यात आहेच. आज पुण्यामुंबईत गेम घडवणारे स्टुडिओ आहेत, तिथे मराठी मुलंमुली चित्रं काढतात, प्रोग्राम लिहितात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मराठी विनोदी लेखक बसलेला मला पाहायचा आहे.

म्हणून संमेलनापुढे मी दोन सूचना ठेवतो. पहिली, पुढच्या वर्षीपासून संमेलनाला जोडून एक कार्यशाळा घ्यावी, जिथे लेखक, चित्रकार, संगीतकार आणि प्रोग्रामर पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसून एक छोटा मराठी विनोदी खेळ रचतील. संहिता आधी आणि बाकीचे नंतर, असं करू नये. दुसरी, अशा कामाला आपण साहित्य म्हणून मान द्यावा. त्यावर परीक्षणं लिहावीत, पुरस्कारांत त्याचा विचार करावा, आणि त्यामागच्या प्रत्येक माणसाचं नाव छापावं. मराठी विनोदाला लेखक कमी पडलेले नाहीत. त्यांना नवे सोबती मिळवून देणं हे आपलं काम आहे, आणि या कामात मी स्वतः आपल्याबरोबर उभा आहे.