फॅनॅटिक नक्की कोणाचा?
(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत, पण मागून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, तेव्हा सातच घेतो.

विषय आहे आपल्या फिलाडेल्फिया फिलीजचा मॅस्कॉट, फिली फॅनॅटिक. मुलांना त्याची ओळख करून द्यायला नको. भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी सांगतो: हिरवा झिपरा प्राणी, सुटलेलं पोट, भोंग्यासारखं तोंड आणि त्यातून जत्रेतल्या पिपाणीसारखी भसकन उलगडणारी जीभ. टीमच्या म्हणण्याप्रमाणे तो गालापागोस बेटांवरून इथे आला. म्हणजे आपल्यासारखाच इमिग्रंट, फक्त व्हिसाची कटकट नाही!

आता गंमत बघा. फिलीजचे फॅन्स हुर्यो उडवण्यासाठी अख्ख्या अमेरिकेत प्रसिद्ध. त्यांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. जुलै २००७ मध्ये या टीमने दहा हजारावी मॅच हरली. अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक टीमच्या आधी! एवढं पाहिलेला माणूस चिडणारच. स्वतःच्या खेळाडूंनाही ते सोडत नाहीत. पण या हिरव्या बाबाची हुर्यो कोणी उडवत नाही. का? मला वाटतं, कारण तो त्यांच्या वतीने हुर्यो उडवतो. अंपायरची नक्कल करतो, पाहुण्या टीमच्या डगआउटसमोर पोट हलवून नाचतो. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टोपी उडवतो ना, तसंच. १९८८ साली डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लासोर्डा यांच्या जर्सीतल्या बाहुल्याची त्याने इतकी टर उडवली, की ते स्वतः मैदानात धावून आले आणि तोच बाहुला घेऊन त्याला बडवलं. लासोर्डा मूळचे इथल्या नॉरिसटाउनचे, म्हणजे घरातलंच भांडण. आणि हा एक अक्षर बोलत नाही, त्यामुळे बेसबॉल आणि इंग्रजी दोन्ही न कळणाऱ्या आजींनाही तो पहिल्या मिनिटात कळतो.

पण मला जास्त रस आहे त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये. धंदाच तो पडला!

तो पहिल्यांदा आला २५ एप्रिल १९७८ ला. टीमचे बिल जाइल्स यांना कुटुंबं स्टेडियमवर यायला हवी होती. पोशाख बनवला न्यूयॉर्कच्या वेड हॅरिसन आणि बॉनी एरिक्सन या जोडीने. मपेट्समधली मिस पिगी घडवणाऱ्या त्याच या एरिक्सनबाई. त्यांनी दोन भाव सांगितले: पोशाख आणि कॉपीराइट मिळून ५,२०० डॉलर्स, नुसता पोशाख ३,९००. जाइल्सनी तेराशे वाचवले. आपल्या भाषेत, सॉफ्टवेअर घेतलं, सोर्स कोड नाही घेतला. पुढे १९८४ मध्ये तोच कॉपीराइट घ्यायला टीमने २,१५,००० डॉलर्स मोजले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

इथेही संपलं नाही. अमेरिकन कायद्यात कलाकाराला ३५ वर्षांनी आपला हक्क परत मागता येतो. हॅरिसन आणि एरिक्सन यांनी तशी नोटीस दिली, जून २०२० ही तारीख धरून. टीम २०१९ मध्ये कोर्टात गेली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अचानक नवाच फॅनॅटिक समोर आला! डोळ्यांभोवती चांदण्या, हातांना पिसं, निळी शेपटी, बुडाचा घेर वाढलेला. टीम म्हणाली, तो उत्क्रांत झाला. गालापागोसचा असल्यामुळे डार्विन हाताशी होताच. फॅन्सनी मात्र नाकं मुरडली. एरवी प्रत्येक गोष्टीवर ओरडणाऱ्या लोकांचं आता म्हणणं एकच: आमचा होता तसा द्या.

वकिलांच्या दृष्टीने नवा चेहरा चोख होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मॅजिस्ट्रेट जज्जनी शिफारसही केली, की टीमला हे नवं रूप वापरता येईल. आमच्या भाषेत, टेस्टिंग पास झालं, पण युजर खूश नाही. त्या शरद ऋतूत टीमने कलाकारांशी समझोता केला आणि २०२२ मध्ये जुना चेहरा परत आणला. जिंकत आलेली बाजू अशी उगाच पैसे मोजत नाही. माझ्या मते हा दबाव स्टँडमधल्या लोकांचाच होता.

मला त्या कलाकारांचंही चुकलं असं वाटत नाही, हे मुद्दाम सांगतो. स्वतः घडवलेली वस्तू गावभर नाचताना दिसली, की मालकीची आठवण होणारच. आपल्यातल्या ज्यांनी कधी रात्र-रात्र जागून कोड लिहिला आणि दुसऱ्याच्या नावाने तो चालताना पाहिला, त्यांना हे जास्त कळेल. पण चौदाव्या रांगेत बसलेल्या माणसाच्या पोराला त्या हिरव्याने डोक्यावर टपली मारलेली असते, त्याच्या बापाला त्याच्याच लहानपणी मारलेली असते, आणि तो माणूस कुठल्याच करारात पार्टी नसतो.

मुलांनो, पुढच्या सीझनला मंडळातर्फे ग्रुप तिकिटं काढायचा विचार आहे. नावं माझ्याकडे द्या. आजी-आजोबांची आधी.