तातडीचा खर्च आणि कायद्याची वेस
(हैदराबाद मुक्तिदिनानिमित्त केलेले भाषण)



१७ सप्टेंबर आला की आपण रझाकारांच्या दिवसांची उजळणी करतो. आम्ही पडलो बँकेतले, म्हणून आज हिशेबाची बाजू मांडतो.

१९४८ साली सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी विमानाने शस्त्रे आणत होता. ती आपल्या बिदरच्या धावपट्टीवरही उतरत. त्याच वर्षी सप्टेंबरात, पोलीस कारवाईच्या धामधुमीत, हैदराबाद सरकारचे सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. आपली संमती नव्हती, असे निजामाने लगेच कळवले. रक्कम अडकली ती अडकलीच. पुढे पाकिस्तानने, हा शस्त्रांचा मोबदला होता, असाही दावा केला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेलेली रक्कम निजामाचे वारस व भारत सरकार यांच्या बाजूने दिली. निकालाला ७१ वर्षे लागली! आणि सरकारचा पैसा म्हणजे शेवटी आपल्या आजोबांनी भरलेला शेतसाराच.

आता उलट बाजू पाहू. शस्त्रांचा असा प्रसार रोखायला सरकारला एका रात्रीत पैसा लागला तर? सभागृह भरेपर्यंत शस्त्रे थांबत नाहीत, हे खरेच. घटनेने त्याची सोय केली आहे. कलम २६६ म्हणते, कायद्याच्या मंजुरीवाचून संचित निधीतून पैसा काढता येणार नाही. कलम २६७ अनपेक्षित खर्चासाठी आकस्मिक निधी देते. केंद्राचा हा निधी ५०० कोटींचा होता, २०२१ मध्ये तो ३०,००० कोटी झाला. राज्यांनाही असा निधी ठेवता येतो. पण ही केवळ उचल आहे. नंतर पुरवणी मागणी मांडून सभागृहाची मंजुरी घ्यावी लागते आणि निधी पुन्हा भरावा लागतो. आमच्या सस्पेन्स खात्यासारखेच हे: नोंद तात्पुरती चालते, पण ती जिरवावीच लागते.

म्हणून सुरक्षेचे नाव निघाले की प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. पुरवणी मागण्या बेंगळुरूत येवोत की दिल्लीत, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या आपण मतदारांनी आपल्या प्रतिनिधींना एवढेच विचारावे: पैसा कशासाठी काढला, कोणी मंजूर केला आणि परत कधी भरला?

जय हिंद!