असिसीचा फ्रान्सिस

संत फ्रान्सिस हे नाव घेतले की आपल्याकडे बहुतेकांना जुने गोवे आठवते. बॉम जेझस चर्चमधली चांदीची पेटी आणि ३ डिसेंबरचे फेस्त आठवते. ते संत फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातले. पण तिथेच रस्ता ओलांडून पलीकडे गेलात की से कॅथेड्रलजवळ आणखी एक चर्च आहे. त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय असल्यामुळे पर्यटक तिथेही डोकावतात. ते चर्च ज्याच्या नावाचे, तो फ्रान्सिस झेवियरच्याही तीनशे वर्षे आधीचा. इटलीतल्या असिसी गावचा. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

इ.स. ११८१ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे बडे व्यापारी. मुलगा हौशी, उधळ्या, मित्रांच्या घोळक्यात रमणारा. सरदार होण्याचे त्याचे स्वप्न होते. १२०२ मध्ये असिसीची शेजारच्या पेरुजा शहराशी लढाई झाली. त्यात तो पकडला गेला आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिला. सुटून आला तो आजारी होऊन, आणि पूर्वीचे काहीच त्याला गोड लागेना.

त्या काळी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवीत. फ्रान्सिसला त्यांची विलक्षण किळस वाटे. पण तो त्यांच्यात गेला, त्यांची सेवा करू लागला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने आपले मृत्युपत्र सांगून लिहवून घेतले. त्याची सुरुवात त्याने याच आठवणीने केली आहे. आपण बदललो ते तिथे, असे त्याचे सांगणे होते.

पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी त्याने वडिलांच्या दुकानातले कापड विकले. वडिलांनी त्याला बिशपसमोर उभे केले. तेव्हा भर लोकांत त्याने अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या स्वाधीन केले. ही घटना १२०६ ची. तीन वर्षांनी पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच्या छोट्याशा संघाला तोंडी मान्यता दिली. संघाचा नियम कडक होता. काम करावे, गरज पडल्यास भिक्षा मागावी, पण नाण्याला हात लावू नये.

एवढे कडक का? बिशपांनाही हा प्रश्न पडला होता. जुने चरित्रकार सांगतात की त्यावर फ्रान्सिसने साधे उत्तर दिले. मालमत्ता ठेवली तर तिच्या रक्षणासाठी हत्यारे ठेवावी लागतील. श्रोतेहो, हे उत्तर नुसत्या विरक्ताचे नाही. मालमत्तेपायी आणि मानापायी दोन शहरे कशी लढतात, हे रणांगणावर आणि तुरुंगात पाहिलेल्या माणसाचे आहे.

म्हणूनच १२१९ ची घटना महत्त्वाची वाटते. पाचवे धर्मयुद्ध सुरू होते. इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडला होता. फ्रान्सिस एका सोबत्यासह, निःशस्त्र, शत्रूच्या छावणीत सुलतान अल्-कामिलला भेटायला गेला. सुलतानाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत पाठवले. धर्मांतर कोणाचेच झाले नाही, युद्धही थांबले नाही. पण १२२१ च्या नियमावलीत फ्रान्सिसने लिहिले की मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या बंधूंनी वादविवाद, भांडण करू नये. सर्वांच्या आज्ञेत राहावे, हा जाण्याचा एक मार्ग. उपदेश करावा तो ईश्वराची तशी इच्छा दिसली तरच.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो वारला. आणि इथून दुसरी कहाणी सुरू होते. दोन वर्षे पुरी होण्याआधीच, १२२८ मध्ये, त्याला संतपद मिळाले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या नावाच्या भव्य बॅसिलिकाची पायाभरणी झाली. माझ्या शब्दांवर भाष्ये रचू नका, असे त्याने मृत्युपत्रात बजावले होते. १२३० मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी ठरवले की ते मृत्युपत्र संघावर कायद्याने बंधनकारक नाही. हे ग्रेगरी त्याचे शत्रू नव्हते, जुने स्नेही होते. हजारो साधूंचा संघ चालवायचा तर घरे, पुस्तके, धान्य हे लागणारच, ही अडचणही खरी होती.

संघात मात्र दोन तट पडले. गरिबीचे व्रत जसेच्या तसे पाळू म्हणणाऱ्यांना कैद झाली. १३१८ मध्ये मार्सेय इथे अशा चौघांना जिवंत जाळण्यात आले. एका निर्धन माणसाच्या निर्धनतेवरून हे घडले!

या कहाणीचा एक धागा आपल्या ठाण्यापर्यंत येतो. तोलेंतिनोचा थॉमस हा याच कडव्या गटातला. इटलीत त्याने तुरुंगवास भोगला होता. पुढे तो पूर्वेकडे निघाला आणि तीन सोबत्यांसह ठाण्याला पोहोचला. तिथे काझीपुढे इस्लाम आणि त्याचे प्रेषित यांच्यावरून वाद पेटला आणि १३२१ मध्ये चौघेही मारले गेले. काही काळाने ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्याला आला. त्यांच्या अस्थी घेऊन तो चीनला गेला. गरिबीच्या व्रतासाठी तुरुंगात गेलेल्यांकडून वादविवाद टाळण्याची गुरूची शिकवण मात्र पाळली गेली नाही. वारसा असा तुकड्यातुकड्याने पोचतो.

आपल्याकडे अनेक शाळांत 'संत फ्रान्सिसची शांतिप्रार्थना' म्हणतात. ती त्याची नाही. १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात ती लेखकाच्या नावाशिवाय प्रथम छापली गेली. पण लोकांना ती त्याचीच वाटली, यातच त्याची ओळख आहे. १९७९ मध्ये त्याला पर्यावरणरक्षकांचा संत घोषित केले गेले. २०१३ मध्ये एका पोपनी प्रथमच त्याचे नाव धारण केले. पक्ष्यांशी बोलणारा संत म्हणून आपण त्याला सहज आपलेसे करतो. कुष्ठरोग्यांत राहणारा, पैशाला हात न लावणारा फ्रान्सिस मात्र आपल्याला तितकासा सोयीचा नाही.

पुढच्या वेळी जुन्या गोव्याला गेलात, तर त्या दुसऱ्या चर्चमध्येही जा. तिथली सोनेरी वेदी जरूर पाहा. आणि तिच्यापुढे उभे राहून, कपडेही परत करणारा तो कापडवाल्याचा मुलगा आठवा.