नेमणुकीच्या कागदावर मूल कुठे आहे?

(मारेगाव येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



शाळेचा प्रश्न निघाला की आपण इमारत, खिचडी, गणवेश यांवर बोलतो. आज मला एका कागदावर बोलायचे आहे. शाळेत माणूस कामावर ठेवताना जो कागद होतो, तो. शिक्षकाचा नेमणुकीचा आदेश, रोजंदारीवरच्या कामाठ्याचे पत्र, ठेकेदाराशी झालेला करार. या कागदांत पद असते, पगार असतो, मुदत असते, कामावरून काढण्याची अट तर हमखास असते. ज्या मुलीसाठी हे सगळे चालले आहे तिला काय लागते, हे मात्र त्यात शोधूनही फारसे सापडत नाही.

मारेगाव तालुक्यात ही साधी बाब नाही. कोलाम पोडांवरच्या, गोंड वस्त्यांवरच्या किती तरी पोरी आश्रमशाळेत राहतात. तिथे पाच वाजता शाळा सुटली तरी मुली घरी जात नाहीत. दिवस मावळला की तीच शाळा त्यांचे घर होते. म्हणजे रात्रीचे काम हे शाळेचे अर्धे काम आहे. मी या भागात काम करू लागले तेव्हापासून आयांच्या तोंडून एकच प्रश्न ऐकते आहे : "बाई, रात्री पोरीले ताप आला त कोन पाह्यते?"

एका आश्रमशाळेत मी हाच प्रश्न विचारत फिरले. अधीक्षिकेची जागा रिकामी होती. शिक्षक म्हणाले, आमची वेळ संध्याकाळी संपते. शेवटी कळले की मुलींजवळ झोपते ती रोजंदारीवरची स्वयंपाकीण. पहाटे उठून पोळ्या लाटणारी तीच, रात्री उलट्या करणाऱ्या मुलीचे डोके धरणारीही तीच. तिच्या कागदावर एवढेच लिहिलेले : स्वयंपाक. रात्रीची मजुरी नाही, गाडी बोलवायचा अधिकार नाही, हातात पैसा नाही. उद्या काही बरेवाईट झाले तर बोट मात्र तिच्याकडेच दाखवले जाणार.

मुलीची गरज आणि त्या बाईची मजुरी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हे मी पदरचे सांगत नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा पाहा. शिक्षकाला नोकरीची सुरक्षितता का द्यायची, याचे कारण त्याच्या उद्देशिकेतच दिले आहे. विद्यार्थी आणि पालक यांच्याविषयीचे कर्तव्य त्याला नीट पार पाडता यावे म्हणून. पुढे असेही म्हटले आहे की त्याने व्यवस्थापनाला उत्तरदायी राहावे. सुरक्षितता आणि उत्तरदायित्व अशी ही जोडी होती. नंतरच्या वर्षांत ती मोडत गेली. जबाबदारी तेवढी कर्मचाऱ्याकडे राहिली, सुरक्षितता काढून घेतली गेली. २०२३ च्या सप्टेंबरात नऊ खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला. विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. २०२५ च्या जुलैत आश्रमशाळांतले रोजंदारी कर्मचारी बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात नाशिकला जाऊन बसले. त्या भरतीत मालक ठेकेदार, काम शाळेत. मग आईने जाब विचारायचा कुणाला?

सुरक्षेचेही तसेच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, आरोप शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर होता. त्याच महिन्यात शासनाने निर्णय काढला : सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. हे हवेच. पण कॅमेरा लहान पोरीचे ऐकून घेत नाही, ऐकते ती जवळची बाई. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती केली, न कळवल्यास शिक्षाही ठेवली. आता रोजंदारीवरच्या बाईचा विचार करा. तोंड उघडले तर उद्यापासून कामावर येऊ नको म्हणतील, गप्प बसली तर कायदा तिलाच पकडेल. तक्रार केल्याबद्दल तिला कामावरून काढता येणार नाही, ही अट तिच्या कागदावर असेल तरच मुलीला बोलायला जागा राहील.

दुसरीकडे हे घडले आहे. अमेरिकेत शिकागोच्या शिक्षकांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये शाळेचे अकरा दिवस संप केला. पगाराबरोबर त्यांची मागणी होती, प्रत्येक शाळेत नर्स आणि समाजकार्यकर्ती द्या. ती टप्प्याटप्प्याने पुरी करण्याचे वचन त्यांच्या सेवा करारात लिहून घेतले गेले. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये शिक्षक आणि सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. म्हातारपणाची भाकर मागणे रास्तच आहे. पण शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रात आपल्या पोरींच्या गरजा वरच्या ओळीत आल्या, तर संपाच्या वेळी आयाही शेजारी येऊन बसतील.

एक धोका आहे, तोही बोलून ठेवते. मुलांचे नाव पुढे करून बाईवर फुकटचे काम लादायला व्यवस्थापनाला फार आवडते. 'तुम्ही आईसारख्या' म्हटले की जादा तासांचे पैसे बुडाले! शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचे मानधन २०२३ मध्ये वाढले ते महिन्याला २,५०० रुपयांपर्यंत. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात : कोण करणार, किती वेळ आणि किती पैशात.

तेव्हा आपण मागायचे काय?

पहिले, मुलींच्या वसतिगृहात रात्री राहणारी स्त्री नेमलेली असावी. तिची झोपायची जागा, सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी बदली बाई कोण, हे आदेशात असावे.

दुसरे, मूल आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेणार, कोणत्या गाडीने आणि कोणत्या पैशातून, हे ठरलेले असावे.

तिसरे, लहान वर्गांत किंवा वसतिगृहात कोलामी, गोंडी बोलणारे एक तरी माणूस असावे, आणि ही भाषा येणे नेमणुकीच्या अटीत धरावे. पोट दुखते हे ज्या पोरीला मराठीत सांगता येत नाही, तिच्यासाठी भाषा हेच औषध आहे.

चौथे, पाळीच्या दिवसांत लागणारे पाणी, कापड किंवा पॅड आणि त्याची विल्हेवाट हे कुणाचे तरी नेमून दिलेले, पगारी काम असावे.

पाचवे, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण. ठेकेदाराकडून माणसे घेतली असतील तर या सगळ्या अटी ठेकेदाराच्या करारातही हव्यात.

हे मागायची जागा आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. आपल्या कित्येक जणी तिथे फक्त अंगठा किंवा सही देऊन येतात. यापुढे सहीआधी विचारा, नेमणुकीचा कागद वाचून दाखवा. दाखवला नाही तर माहितीच्या अधिकाराखाली पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अर्ज करा. अर्ज लिहायला आम्ही बसू. त्या स्वयंपाकिणीलाही सोबत घ्या. ती आपली विरोधक नाही, आपल्यातलीच आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावच्या शाळेतला असा एक तरी कागद आणावा. आपण तो मिळून वाचू.