तारणाचे वचन आणि अव्हेराचे वचन



कामगार चळवळीतल्या माणसाने बायबलावर बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु करार वाचण्यात आमचे आयुष्य गेले, आणि बायबलाच्या दोन्ही भागांना मराठीत 'करार' असेच म्हणतात. मालक एका कलमावर बोट ठेवून हक्क नाकारू लागला की आम्ही म्हणतो, सबंध करार वाचा. कलम कोणाला उद्देशून आहे ते पाहा. तीच रीत येथे लावू.

तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते की, सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्याकडे येणाऱ्याला न घालविण्याचे अभिवचन देतो. उलट मत्तयाच्या सातव्या अध्यायात, प्रभूचे नाव घेत आलेल्यांना तो ओळखही देत नाही. आणि रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात, देवाची याकोबावर प्रीती व एसावावर द्वेष असल्याचे येते. तेही जुळ्यांच्या जन्माआधीची निवड सांगताना. मग खरे कोणते?

मत्तयातील शब्द दीनदुबळ्यांना उद्देशून नाहीत. देवाच्या नावावर चमत्कार करून दुष्कर्म करणाऱ्यांना ते आहेत. एसावाचे वचन मूळ मलाखी संदेष्ट्याचे; तेथे ही दोन नावे इस्राएल आणि अदोम या दोन राष्ट्रांची आहेत. 'द्वेष' हा शब्दही सावधपणे घ्यावा. लूक चौदामध्ये शिष्याला आईबापांचा द्वेष करण्यास सांगितले आहे. मत्तय दहामध्ये तीच गोष्ट, आईबापांवर अधिक प्रीती करू नये, अशी येते. पुढे उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात हाच एसाव धावत येऊन याकोबाला मिठी मारतो. आणि पौलाचा युक्तिवाद नवव्या अध्यायात थांबत नाही; अकराव्यात तो सर्वांवरील दयेपाशी पोचतो.

तरी सगळ्या गाठी सुटतात असे आम्ही म्हणणार नाही. फारोचे मन देवानेच कठीण केले, तर दोष फारोचा कसा? याच निवडीच्या वादावर १६१८-१९ साली हॉलंडात डोर्टची धर्मसभा भरली. तकदीर आणि माणसाची करणी यांवर मोताझिला व अशअरी पंडित शतकानुशतके झगडले. थोरांना जे सुटले नाही ते आम्ही तासाभरात सोडविल्याचा आव आणणार नाही.

पण एक प्रश्न आपल्या हातचा आहे: अव्हेराचे वचन वापरतो कोण? नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. दार देवाने लावले नव्हते. माणसांनी लावले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी शेजारच्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. ज्यांना नाकारले, त्यांनीच नाकारणाऱ्यांची व्यवस्था नाकारली. पंडिता रमाबाईंनी टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावला जे घर उभारले त्याचे नाव 'मुक्ती'. बायबलही साध्या मराठीत आणण्यासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून निघाले. ज्यांना शास्त्र बंद होते त्यांच्या हाती ते पडावे, हा त्यातला अर्थ.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दृष्टांत आहे. नाशिक जिल्ह्यात द्राक्षमळा समजावून सांगावा लागत नाही. दिवस मावळायला एक तास उरला तरी काही मजूर चौकात उभे असतात, कारण त्यांना कोणी कामावर लावलेले नसते. मळेवाला त्यांनाही बोलावतो आणि सकाळपासून राबलेल्यांइतकीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. मीटरवर मजुरी मोजणाऱ्या आपल्या यंत्रमागाच्या गावात हा हिशेब उरफाटा वाटेल. पण संध्याकाळी चूल सर्वांची पेटायची असते.

आणि पंचविसाव्या अध्यायातील अव्हेराचे कारण पाहा: भुकेल्याला अन्न दिले नाही, परक्याला घरात घेतले नाही, आजाऱ्याची विचारपूस केली नाही. तेव्हा कोण तारला जाईल याचा निकाल देवाकडे राहू द्या. चौकात कोण उभा राहिला आहे, एवढे पाहणे आपल्याकडे आहे.